वाकीतला कापूस

मी वाकी. चांदीची, दंडावर घालायची. आजकालच्या पोरींना पैंजण ठाऊक, झुमके ठाऊक. माझं नाव काढलं की 'ते काय असतं?' म्हणून विचारतात, तेव्हा आधीच सांगून ठेवते. कोपराच्या वर आणि खांद्याच्या खाली माणसाचा जो भरलेला भाग असतो, तिथं माझं घर. बांगडीला मनगटाच्या हाडाचा आधार असतो, नथीला नाकाचा. मला मांसाशिवाय दुसरा आधार नाही. दंड भरलेला असला तर मी जागेवर राहते, सुकला की घसरते. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं ओघानं येईलच.

माझा जन्म इचोड्याचा. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, ट्रकांच्या धुळीत, फकिरा सोनाराचं छोटंसं दुकान होतं. जयवंता नावाच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील डोमाजी आपल्या आजीच्या गाडग्यातले निजामाच्या काळचे चांदीचे रुपये फडक्यात बांधून घेऊन आले. फकिरानं ते मुशीत वितळवले. रुपये होते तेव्हा मी कोणाकोणाच्या मुठीत फिरले असेन ते मला आठवत नाही. मला आठवतो तो भात्याचा आवाज, आणि नंतर हातोडीचा मार.

मापासाठी डोमाजींनी मुलीच्या दंडाला गुंडाळलेलं सूत आणलं होतं. फकिरानं मला घडवलं ते त्या सुताहून जरा आखूडच. डोमाजी म्हणाले, "अरे फकिरा, इतकी घट्ट काऊन करून राह्यला? पोरीच्या दंडात रुतन ना ते."

"रुतू द्या," फकिरा हसला. "पोरगी सासरी चालली. कोनतीच पोरगी बापाले मी उपाशी हाव मून सांगत नाई. तुमी भेटाले जासान तवा वाकीखाली बोट घालून पाहा. बोट अडकलं तं समजा, पोरगी खाऊनपिऊन सुखी हाय. बोट सरसर गेलं, तं मंग इचारपूस करा."

तेव्हा मला वाटलं, बाई गं, आपण दागिना आहोत की पहारेकरी?

जयवंता भीमपूरच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठच्या गावात नांदायला आली. आमचं गाव तेलंगणात, नदीपलीकडे महाराष्ट्र दिसतो. शेतात कापूस आणि सोयाबीन, घरच्यापुरती ज्वारी. नवरा सुधाकरराव, बोलायला कमी आणि ताटात पडेल ते मुकाट्यानं खाणारा. डोमाजी वर्षाकाठी भेटीला यायचे. ओसरीवर बसायचे, पाण्यापावसाचं बोलायचे, आणि बोलता बोलता लेकीचा दंड धरून माझ्याखाली बोट घालायचे. बोट अडकलं की त्यांचा चेहरा फुलायचा. "बरं हाय," एवढंच म्हणायचे आणि चहा मागायचे. सासरच्या कोणाला यातलं काही कळत नसे. कळत होतं ते मला आणि जयवंताला.

मी मोठी नटवी आहे, कबूल करते. पण आरशात दिसण्यापेक्षा मला रुतण्यात जास्त सुख होतं. लेकाच्या, बंडूच्या, बाळंतपणात तिनं डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याच्या कुटाची भाजी अशी काही खाल्ली की माझा वळ दंडावर लाल उमटायचा. "लय चावते बाई ही वाकी," म्हणून ती लटकी तक्रार करायची. काढली मात्र कधी नाही. डोमाजी गेल्यावर माझ्याखाली बोट घालून पाहणारं कोणी उरलं नाही. गरजही नव्हती. जयवंताची जयवंताबाई झाली, बंडूचं लग्न झालं, अश्विनी सून म्हणून आली, आणि माझा वळ होता तसाच राहिला.

गेल्या भादव्यात तिच्या ताटात भाकर उरायला लागली. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब भरलंसं व्हायचं. मग उलट्या सुरू झाल्या. बंडूनं आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोटात नळी घालून पाहिलं. जठरात गाठ निघाली. तिथले डॉक्टर हैदराबादकडचे, बोलायचे आपल्या हिंदीत. "अम्माकू ताकत होना," ते बंडूला म्हणाले. "दवा शुरू करते. अच्छा खिलाओ, वजन गिरने नको देना. पंधरा दिन में लाके दिखाओ. ताकत रही तो ऑपरेशन होता."

ऑपरेशन झालं तर आई वाचेल, आणि ताकद राहिली तर ऑपरेशन होईल. एवढी दोनच वाक्यं उराशी धरून बंडू घरी आला. आणि त्यातलंही त्याच्या डोक्यात पक्कं बसलं ते एकच: वजन पडायला नको.

वजनाला आमच्या घरी काय तोटा! कापसाचा काटा ओसरीतच होता. वेचणी सुरू झाली होती. संध्याकाळी बाया आपापली गाठोडी आणून काट्यावर टाकायच्या आणि बंडू आकडा पाहायचा. पोरगा तसा गरीब, पण ओल्या कापसाची भारी चीड. गाठोड्यात हात खुपसून चिमूट काढायचा, बोटात चोळायचा. "दवातला कापूस काऊन वेचला व? पान्याचं वजन दाखवता काय मले? बाजारात व्यापारी पैसे कापते ना!" बाया हसायच्या, तो चिडायचा, आणि शेवटचं गाठोडं उतरलं की घरात हाक द्यायचा, "माय, ये व, उभी राय काट्यावर."

जयवंताबाई भिंतीला धरून यायची आणि काट्यावर उभी राहायची. पहिले काही दिवस आकडा जरा खाली गेला. मग थांबला. आणि मग, देवाची करणी, वर सरकू लागला. बंडूचं काळीज सुपाएवढं झालं. सुधाकररावांनी मारुतीला नारळ फोडला. "पाह्य माय, मी मनलं होतं ना? तू बरी होऊन राह्यली!" असं म्हणत त्यानं सगळ्या बायांच्या देखत आईला मिठी मारली.

मी त्या मिठीत होते. मी कोपरापर्यंत घसरले होते.

आता घरात काय चाललं होतं ते ऐका. आजारी माणसाला भेटायला येणारं कोणीही आमच्याकडे रिकाम्या हातानं येत नाही आणि एखादा पदार्थ बंद केल्याशिवाय जात नाही. सगळ्यात पुढं भागीरथा, सुधाकररावांची धाकटी बहीण. वहिनीवर तिचा जीव होता, खोटं कशाला बोलू. बिस्किटाचे पुडे घेऊन आली आणि उशाशी बसून अश्विनीला सांगू लागली, "डाळ नोको देऊ वं, वातूळ असते, गाठ फुगन. अंडं तं अजिबात नाई, गरम पडते." दुसरी आली, तिनं दूध बंद केलं, कफ होतो म्हणून. तिसरीनं शेंगदाणे. कोणी म्हणालं भाकरीनं पोटाला ओरखडे पडतात. अश्विनी गुणाची सून. तिनं सगळ्यांचं ऐकलं. शेवटी चुलीवर काय उरलं? साबुदाण्याची पेज, ज्वारीची पाण्यासारखी आंबील, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. वाटी भरून द्यायची, पदरानं तोंड पुसायची, "आत्याबाई, अजून एक घोट," म्हणून विनवायची. त्या घरात जयवंताबाईची उपासमार झाली, आणि ती सगळ्यांनी मिळून, मायेनं केली. दावा साधायचा असता तरी कोणाला इतकं नीट जमलं नसतं.

वर मी ढिली होत होते आणि खाली पायात जोडवी घट्ट होत होती. एकाच अंगावरचे आम्ही दोघं दागिने, सांगायचो मात्र उलटसुलट. पावलं सुजली, चेहरा फुगला. भागीरथा पुन्हा आली तेव्हा हरखून म्हणाली, "वहिनीनं अंग धरलं व! तोंडावर तेज पाहा." बंडूनं जोडव्याकडे बोट दाखवलं, "तं काय! जोडवं फिरतबी नाई बोटात आता." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी पदराखाली होते.

एका दुपारी जयवंताबाई अंगणात देवाच्या वाती वळत बसली होती. हात खाली सोडला आणि मी कोपरावरून, मनगटावरून सुटून थेट तिच्या मांडीवर पडले. तिनं मला उचललं. मग स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला. तिला बापाची आठवण आली असणार. मला तरी आली. आज डोमाजी आले असते तर एक सोडून चार बोटं गेली असती माझ्याखाली.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, मांडीवरचा कापूस घेतला, माझ्या आतल्या बाजूला थापला, वरून सूत गुंडाळलं आणि मला पुन्हा दंडावर चढवलं. मी बसले. घट्ट बसले. पण ते बसणं कापसाचं होतं.

न्हाऊ घालताना अश्विनीला ते दिसलं. "आत्याबाई, वाकीत कापूस काऊन घातला?"

"रुतते व, मून," जयवंताबाई म्हणाली.

मी रुतते! जन्मभर रुतले तेव्हा तिनं मला बिनकापसाची मिरवली, आणि आता जागेवर ठरत नव्हते तेव्हा म्हणे रुतते. मला तोंड असतं तर मी त्या न्हाणीघरात ओरडले असते. अश्विनीला बिचारीला ते पटलं. वजन वाढतंय तर वाकी रुतणारच की. तिनं हे बंडूला सांगितलंसुद्धा, आनंदाची बातमी म्हणून.

पंधरा दिवसांनी दाखवायला जायचं होतं ते राहून गेलं. वेचणी ऐन भरात होती, बाया मिळत नव्हत्या, आणि वजन तर चांगलंच होतं. मग घाई कशाला? दिवाळी गेली. जयवंताबाईला उठून बसताना धाप लागू लागली तेव्हा कुठं बंडूनं गाडी ठरवली.

यावेळी डॉक्टरांच्या आधी शीतल नावाच्या बाईंनी तिला तपासलं. आजाऱ्यांच्या खाण्यापिण्याचं पाहणं हेच त्यांचं काम. आदिलाबादच्याच, मराठी घरातल्या. बंडूनं आत शिरल्या शिरल्या आकडा सांगून टाकला. "म्याडम, वजन वाढलं हाय मायचं. मी सोता रोज पाहतो."

"हो का?" शीतल म्हणाल्या आणि आकडा टिपायच्या आधी जयवंताबाईच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "आई, काल दिवसभरात काय काय खाल्लं?" पेज, आंबील, बिस्कीट. "परवा?" तेच. "घरातल्या घरात फिरता का? स्वतःची वेणी स्वतः घालता?" जयवंताबाईनं नाही म्हणून मान हलवली. हात वर धरवत नव्हते. "माझी बोटं दाबा बरं, जोरात." जयवंताबाईनं दाबली. शीतलनी आणखी जोर लावायला सांगितलं. ती म्हणाली, लावलाच आहे.

मग त्यांनी पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. बंडू वाकून त्या खळग्याकडे पाहत होता.

"आता दंडाचं माप घेऊ. ही वाकी जरा काढते हं."

जयवंताबाईनं मला घट्ट धरलं. "नोको म्याडम. ते निघत नाई. लय घट्ट हाय."

शीतलनी तिचा हात हळूच बाजूला केला, माझ्याखाली बोट घातलं, आणि चपटा झालेला, मळलेला, घामानं पिवळा पडलेला कापूस बाहेर आला. मग मी आपोआपच खाली आले. बंडूनं तो कापूस उचलून हातात घेतला. शीतलनी माझ्या जागी फीत गुंडाळली, आणि ती पाहताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दादा," त्या बंडूला म्हणाल्या, "वजन वाढलं ते खरं आहे, पण ते मांस नाही. अंगात पाणी साचलंय. पोटात आणि पायात. पोटाला डाळ, अंडं, दूध काहीच गेलं नाही, म्हणून अंगातलं मांस झिजलं, आणि त्याच्या जागी पाणी भरलं. काट्याला दोन्ही सारखंच."

हातातल्या कापसाकडे पाहत बंडू म्हणाला, "म्हंजे ओला कापूस."

"काय म्हणालात?"

"ओला कापूस, म्याडम. जनम गेला माहा ओला कापूस वळखन्यात. बायायच्या गाठोड्यात हात घालून पाहतो मी. मायले हात लावून नाई पाह्यलं." आणि तो तसाच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

जयवंताबाई म्हणाली, "रडू नोको रे. तुह्यं हासू मोडवत नव्हतं मले. काट्यावर मी उभी राह्यली का तू असा हासे... मंग म्या कशी सांगू?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. फकिरा सोनार बोलला होता तेच खरं. बापाला सांगत नाही ती लेकाला काय सांगणार?

डॉक्टर म्हणाले, या अंगावर ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाईल. आधी पोटात अन्न जाऊ दे. दवाखान्यात ठेवून पाणी कमी केलं, सुया लावल्या, मग घरी पाठवलं. अश्विनीनं पथ्याची सगळी कुलपं तोडली. घट्ट वरण, उकडलेलं अंडं, दुधात कालवलेला शेंगदाण्याचा कूट, थोडं थोडं, दिवसभर. भागीरथा आली ती दारातच थबकली. मग आत येऊन तिनं स्वतःच्या हातानं अंडं सोललं आणि वहिनीला भरवत बसली. "माह्याच तोंडाले लागो आग," एवढंच पुटपुटली. जयवंताबाईनंही कमाल केली. ओकायची, चूळ भरायची, पुन्हा तोंड उघडायची. तिला जगायचं होतं.

पौषात एका सकाळी तिनं मला चढवून पाहिलं तेव्हा मी दंडावर जरा थबकले. कापूस नव्हता, तरी थबकले. शप्पथ सांगते, चांदीच्या जिवात तेव्हा जेवढा आनंद मावेल तेवढा मला झाला. पण गाठ आमच्यासाठी थांबली नव्हती. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बंडूला बाजूला नेलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

होळीच्या आधी ती गेली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बायांनी हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि मलाही शेवटचं चढवायला घेतलं. मी काही केल्या ठरेना. कोणी तरी म्हणालं, आतून थोडा कापूस लावा. अश्विनीनं मला त्या बाईच्या हातातून ओढून घेतलं. "नोको," ती म्हणाली. "आता लपवाचं काई नाई."

दंडावर माझ्या जागी एक गोरा पट्टा होता, इतकी वर्षं ऊन न लागलेला. तेवढा माझा वळ ती घेऊन गेली.

मला वाटलं, आता ट्रंकेत जायचं, नाहीतर पुन्हा मुशीत. पण चैत्रात एक दिवस अश्विनीनं मला बाहेर काढलं. सुधाकररावांच्या ताटात भाकर उरायला लागली होती. 'भूक नाई' एवढंच म्हणायचे आणि बायकोच्या रिकाम्या बाजेकडे बघत बसायचे. अश्विनी त्यांच्यापुढं उभी राहिली. "मामाजी, हात इकडं करा."

"येडी का खुळी तू? बाईचा दागिना मले घालतं?"

"करा मनलं ना."

तिनं मला त्यांच्या दंडावर चढवलं आणि माझ्याखाली बोट घातलं. हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. शेवटच्या दिवसांत सासूनंच बापाची गोष्ट सांगितली असेल. बोट सरसर गेलं. तिनं मला उतरवलं. आत गेली, वरणाची वाटी घेऊन आली आणि ती रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिली. म्हाताऱ्यानं रडत रडत खाल्लं, पण खाल्लं.

आता दर आठवडी बाजाराच्या दिवशी माझी ही एक फेरी असते. कापसाचा काटा अजून ओसरीत आहे, त्यावर फक्त कापूस चढतो.

माझं ऐकलंत, तर जाता जाता एक मागते. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर नुसतं वजन विचारून उठू नका, आणि तोंडावर तेज आलं म्हणून हरखू नका. जवळ बसा. काल काय खाल्लं ते विचारा. त्यांचा दंड आपल्या हातात धरून पाहा. ते सांगणार नाहीत, तुमचं हसू मोडवत नाही म्हणून सांगणार नाहीत.

कालही अश्विनीनं सुधाकररावांच्या दंडावर मला चढवून पाहिलं. बोट गेलं, पण शेवटच्या पेरापाशी जरासं अडलं. ती "बरं हाय" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.